नरसव्वाचं काळं शुभ्र लुगडं

फार मागची गोष्ट, मांजरा नदीवर पूल नव्हता तेव्हाची. कोळथडी गावात गयाबाई राहायची. तिच्या सुनेला, रखमाला, दोन लेकरं झाली आणि दोन्ही आठव्या दिवशी आकडी येऊन दगावली. तिसऱ्यांदा दिवस भरत आले, तेव्हा गयाबाईनं नवस-बिवस सोडले आणि नदीपलीकडची तेलुगू सुईण बोलावली. तिचं नाव नरसव्वा. असं म्हणतात, ती होडीसाठी थांबतच नसे, सरळ पाण्यावरून चालत येई.

नरसव्वाला मराठी येत नव्हतं. तिनं खोली पाहिली, नाळ कापायचा विळा पाहिला, बोट नाचवून बजावलं, "अंता शुभ्रंगा उंडाली!" आणि गेली. घरच्यांना त्यातलं 'शुभ्र' तेवढं कळलं. शुभ्र म्हणजे पांढरं, मग काय, सगळं घर कामाला लागलं. भिंतींना चुना दिला. विळ्यालाही चुना फासला, हसू नका! बाळासाठी रखमाच्या सासऱ्याचं पांढरंफेक धोतर कणगीमागून काढलं आणि त्यावरच्या उंदराच्या लेंड्या झटकल्या.

कळा सुरू झाल्या तशी नरसव्वा आली. विळा बघून तिनं कपाळावर हात मारला. धोतर हुंगून अंगणात भिरकावलं. मग दोरीवरचं गयाबाईचं जुनं काळं लुगडं ओढलं, विळ्यासकट खळखळा उकळलं, निखाऱ्यांवर वाळवलं आणि म्हणाली, "इदि शुभ्रं!"

"अगं बये, डोळे फुटले का तुझे? काळंकुट्ट आहे ते!" गयाबाई दारात आडवी उभी राहिली. काळ्यात बाळ घ्यायचं म्हणजे अभद्रच की! आत रखमा ओरडत होती. नरसव्वानं त्याच उकळत्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातले. असं म्हणतात, एक फोड आला नाही. गयाबाईला मात्र तिची नातवंडं आठवली. दोघांना पांढऱ्यात घेतलं होतं, आणि पांढऱ्यातच पुरलं होतं. ती दारातून बाजूला झाली.

मुलगी झाली. आठव्या दिवशी गयाबाई घोटभर पाणीसुद्धा प्याली नाही. नवव्या दिवशी पोर दूध पिऊन, ढेकर देऊन झोपली, तेव्हा म्हातारी अंगणात बसून मोठमोठ्यानं रडली.

तेलुगूत शुभ्रं म्हणजे स्वच्छ, हे मागाहून कळलं; त्या गावात अजून शुभ्र म्हणजे धुतलेलं. तांबडं शुभ्र, निळं शुभ्र, काहीही. बाहेरचे हसतात, हसू देत. नरसव्वाचं देऊळ नाही. पण बाळंतिणीच्या दारात गरम पाण्याचा तांब्या असतो, आणि हात धुऊन "शुभ्रं, नरसव्वा" म्हटल्याशिवाय बाळाला कुणी हात लावू देत नाही, पाटलालासुद्धा नाही.