खुंटीवरून काय दिसतं

"म्हणजे कुठंही उभं राहिलं तरी काटकोनच?" अवधूतबुवांनी विचारलं.

"कुठंही," धुंडिराज म्हणाला.

मठाचं खळं तेव्हा रिकामं होतं. मळणी आटोपली की बुवा तिथंच पोरांना शिकवायला बसायचे. सारवलेली जमीन, मधोमध तिवडा, मळणीचे बैल ज्याभोवती फिरवायचे तो खांब. वहाणा मात्र कडेला काढायच्या, खळ्यात अनवाणीच यायचं. धुंडिराजनं तिवड्याला दोरी बांधून चुन्याचं वर्तुळ काढलं होतं. तिवड्यातून आरपार एक सरळ रेघ, आणि ती वर्तुळाला मिळते तिथं दोन टोकांना दोन खुंट्या.

"वर्तुळावर कुठंही पाय ठेवा, बुवा. पायापासून दोन्ही खुंट्यांपर्यंत दोऱ्या ताणा. पायाशी काटकोन होणार."

"का होणार?"

"पायापासून तिवड्यापर्यंत तिसरी दोरी ओढायची. दोन त्रिकोण झाले. दोन्हींत दोन-दोन बाजू सारख्या, कारण तिवड्यापासून सगळं वर्तुळ सारखंच लांब. बाजू सारख्या, तर समोरचे कोनही सारखे. मोठ्या त्रिकोणाचे सगळे कोन मिळून दोन काटकोन. त्यातले निम्मे पायाशीच येतात."

"छान. आता बाहेर जा. तुझा भाऊ सकाळपासून कडुनिंबाखाली बसलाय."

धुंडिराजचा चेहरा आक्रसला.

शेताच्या बांधावरून दोघा भावांचं वाजलं होतं, आणि हा घर सोडून मठात आला होता. आता धाकटा मोरेश्वर निरोप घेऊन आला होता. आईनं अन्न सोडलंय. दोघं शेजारी शेजारी पानावर बसाल तर घास घेईन, म्हणते.

"आधी त्यानं कबूल करावं," धुंडिराज म्हणाला. "बांध त्यानंच सरकवलाय. मी चारी बाजूंनी पाहिलंय. या वर्तुळाइतकं सिद्ध आहे ते."

"तो काय म्हणतो?"

"म्हणतो, तूच सरकवलास."

"त्यानंही पाहिलं असेल, चारी बाजूंनी."

बाकीची पोरं फिसकन हसली.

बुवा गुडघ्यावर हात टेकत उठले. चुन्याच्या रेघेवरून सावकाश चालू लागले.

"इथं?"

"काटकोन."

"इथं?"

"काटकोनच, बुवा. एकदा सिद्ध झालं ना!"

चालता चालता बुवा एका खुंटीवरच जाऊन उभे राहिले. खुंटी पार तळव्याखाली.

"आणि इथं?"

धुंडिराज दोरी घेऊन धावला. एक टोक समोरच्या खुंटीला बांधलं, बुवांच्या पायाला वळसा दिला. दुसरं टोक...

दुसरं टोक हातातच राहिलं.

"इथं... इथं कोनच होत नाही."

"का रे? वर्तुळावरच तर आहे मी."

"तुम्ही खुंटीवर उभे आहात. इथून एकच दोरी निघते. ती समोरच्याकडेच जाते."

"आणि तू म्हणालास, कुठंही..."

"चुकलं, बुवा."

बुवा खुंटीवरून हलले नाहीत. कडुनिंबाखालून मोरेश्वरच्या खोकल्याचा आवाज आला.

धुंडिराजनं दोरी गुंडाळून तिवड्याशी ठेवली. कडेला जाऊन वहाणा घातल्या. कडुनिंबाकडे दोन पावलं गेला, आणि वळला.

"पण बुवा, बांध सरकवला कुणी, ते मग कळायचं कसं?"

बुवांनी पाय उचलून तळवा पाहिला. खुंटीचा लालभडक ठसा उमटला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"मला एवढ्या वेळातच टोचली. तू तुझ्या खुंटीवर केव्हाचा उभा आहेस, पाय दुखत नाही का रे?"