गेनूने गारवा राखला

सातारा भागातल्या एका गावात गेनू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा हा त्याच्या बहिणीचा शब्द. गाव दुसरा शब्द वापरायचं, पण तो पोराबाळांसमोर सांगण्यासारखा नाही.

वय चाळिशीचं, अंगाने दांडगा, कामाला वाघ. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. कधीतरी टाळलं असतं तर बरं झालं असतं, असं शेजारीपाजारी म्हणत.

त्याची थोरली बहीण हौसाक्का आल्याचा सोडा करायची. आलं ठेचायचं, साखर-लिंबू घालून बरणीत फडक्याखाली चार दिवस मुरवायचं, मग स्टीलच्या तोटीच्या पिंपात भरून पिंप घट्ट बंद करायचं. आत तो आपसूक फसफसू लागतो. पिऊन झिंग येत नाही, फक्त ढेकर येतो. गावच्या यात्रेत कुस्त्यांच्या मैदानाशेजारी, पिंपळाखाली, आक्काचा सोड्याचा गाडा लागायचा. ही जागा तिच्या नवऱ्याच्या वेळेपासूनची. नवरा गेला, तरी आक्काने गाडा सोडला नाही.

पण सोड्याचं एक असतं. गार असला तर तो सोडा, तापला की नुसता फेस. गेल्या यात्रेत उन्हाने पिंपं तापली आणि लोकांना पेला भरून फेस मिळाला. यात्रा कमिटीचे अध्यक्ष आबा यांनी पेला तोंडाला लावला, तो सगळा फेस त्यांच्या नाकात गेला. अध्यक्षाच्या नाकात काही गेलं की गावात ठराव होतो. ठराव झाला की, यंदा आक्काचा सोडा गार नसेल तर पिंपळाखालची जागा तिच्या दिराला, बाजीरावाला द्यायची. बाजीराव लाल रंगाचं गोड पाणी विकायचा. ते गरमच असायचं, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण बाजीराव आबांच्या शेजारी राहायचा.

आक्काने मग आइस्क्रीमवाल्याचा एक जुना डीप फ्रीज घेतला. पेटीसारखा आडवा, झाकण वर. त्यात पिंपं गोठून दगड होऊ नयेत म्हणून सर्जा वायरमनने बाहेर एक डबी बसवली. डबीला एक वायर, वायरीच्या टोकाला धातूची काडी. काडी आत सोडायची. ती आतला गारवा मोजते, डबी आकडा दाखवते. आकडा चारच्या वर गेला की फ्रीज सुरू, चारला आला की बंद. आक्काने फ्रीजला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि गेनूला समोर उभं केलं.

"गेन्या, म्या बाजाराला चालले. ह्याचं झाकण उघडायचं न्हाई. उघडलं की सगळा गारवा भाईर पडतो."

"अजाबात न्हाई?"

"अजाबात."

गेनूने ध्यानात ठेवलं. तो काठी घेऊन फ्रीजपाशी बसला.

दुपारी आक्काने मळ्यात सोडा भरून ठेवलेली चार पिंपं टेम्पोतून आली. टेम्पोवाला म्हणाला, "आत ठेवू का?" गेनू म्हणाला, "झाकण उघडायचं न्हाई." पिंपं अंगणात उन्हात ओळीने उभी राहिली. तिसऱ्या प्रहरी एका पिंपाची तोटी उडाली आणि फेस थेट कौलांवर गेला. गेनू जागचा हलला नाही.

आक्का परत आली. फ्रीज बंद, गार आणि रिकामा. डबीवर आकडा चार.

"आक्का, एवढासुदिक गारवा भाईर जाऊ दिला न्हाई बग," गेनू म्हणाला.

आक्का पायरीवर मटकन बसली. "आरं, सोडाच भाईर ऱ्हायला तर गारवा काय चाटायचाय? भाईरनं आलेलं आधी आत घ्यायचं. मग लगेच गच्च लावायचं!"

"आसं व्हय! मग तसं सांगायचं की."

त्याने हेही ध्यानात ठेवलं. अडचण इथंच होती. विसरभोळा असता तर गाव वाचलं असतं.

दुसऱ्या दिवशी आक्का लिंबं आणायला गेली होती. यात्रा कमिटीचे तिघे वर्गणी मागायला दारात आले. घामाघूम झालेले, डोक्यावर उपरणी. गेनूने पाहिलं, माणसं बाहेरून आलेली आहेत.

"आत या," तो म्हणाला.

ते आत गेले. गेनूने लगेच बाहेरून कडी घातली. खिडकी ओढून घेतली. दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं. पुढची खोली पत्र्याची, महिना चैत्राचा. आतून आधी हाका आल्या, मग शिव्या आल्या, मग देवाचं नाव ऐकू यायला लागलं. गेनू दारापाशी काठी घेऊन बसला होता.

आक्काने येऊन कडी काढली, तेव्हा तिघे भिंतीला टेकून जिभा बाहेर काढून बसले होते. त्यांना पाणी पाजून, वर्गणी दुप्पट देऊन, पाया पडून तिने बाहेर काढलं. जाताना एकजण म्हणाला, "आबांच्या कानावर घालतो." कमिटीच्या माणसाला कुठल्याही अवस्थेत एवढं वाक्य म्हणता येतं.

"आरं, कोंडल्यावर हवा कुठनं मिळंल?" आक्का कपाळाला हात लावून म्हणाली. "हवा खेळती ठिवायची असती, गेन्या!"

त्याच सुमाराला फ्रीजमध्येही तीच भानगड निघाली होती. उरलेल्या तीन पिंपांच्या बुडाशी सोड्याचा बर्फ आणि वर कोमट फेस. सर्जा वायरमन म्हणाला, "गार हवा जड आसती, ती खाली बसती. वरची तशीच ऱ्हाती. हलवायला पाहिजे." म्हणून त्याने आत एक टीचभर पंखा बसवला आणि पिंपांमध्ये चार-चार बोटं जागा ठेवायला सांगितली. पंखा लागताच वर-खाली सगळीकडे सारखा गारवा झाला. आक्काने एक पेला काढून पाहिला. फेस एवढासा, सोडा गार. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली.

"बगितलंस? पंखा लावला, हवा खेळली, की झालं काम."

"आसं व्हय! मग तसं सांगायचं की," गेनू म्हणाला.

कमिटीचा राग जावा म्हणून आक्काने गेनूला देवळात कामाला धाडलं. तिथं सभामंडपात चादर अंथरून यात्रेचा गुलाल ओतून ठेवला होता, छातीएवढा ढीग. पुजारी म्हणाले, "एवढ्यावर लक्ष ठेव. दमट होऊ देऊ नको." आणि ते जेवायला गेले.

गेनूने ढिगाकडे पाहिलं. गुलाल एका जागी बसलेला होता, वरचा वर, खालचा खाली. कोपऱ्यात भाविकांसाठी आणलेला उभा पंखा होता, माणसाच्या उंचीचा. गेनूने तो ढिगासमोर आणला, तोंड खाली केलं आणि बटण पाचवर फिरवलं.

हवा खेळली. गुलालही खेळला. देव गुलाबी झाला, नंदी गुलाबी झाला, घंटा, समया, दानपेटी सगळं गुलाबी झालं. नेमके त्याच वेळी आबा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत पायऱ्या चढून आले होते. यात्रा व्हायची होती, आबांची यात्रा मात्र त्या दिवशीच झाली. ते खोकत म्हणाले, "हा हौसाचा भाऊ ना?" मागे उभ्या असलेल्या कमिटीच्या तिघांनी एकदम मान डोलावली.

"तिला सांगा, उद्या मी स्वतः येतोय सोडा प्यायला. जरा जरी गरम लागला तरी जागा गेली!"

आक्का त्या रात्री जेवली नाही. ती चिडली नव्हती, घाबरली होती. पिंपळाखालची जागा गेली तर नवऱ्याचं नावच त्या मैदानातून पुसलं जाईल, असं तिला वाटत होतं. तिने गेनूला जवळ बसवलं.

"तुज्या पाया पडते. आपल्या मनानं काय करू नगंस. डबी काय म्हनती ते बगायचं. काडी जिथं लावली तिथलं डबी सांगती. आकडा जास्ती आसला तर मशीन आपसूक चालतंय. चारला आलं की आपसूक थांबतंय. तवर आपन गप बसायचं. कळलं?"

"चार."

"हां. चार."

"आसं व्हय! मग तसं सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आबा आले. दिवस डोक्यावर, वाट डांबरी आणि अध्यक्ष असल्यामुळे डोक्यावर टोपी नव्हती, फेटा होता. उंबऱ्यात पाय ठेवताच ते कोसळले. आक्काने त्यांच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं.

"ऊन बाधलं की हो आबांस्नी! गेन्या, म्या डाक्टरला घिऊन येते. हितंच थांब. त्यांचा ताप उतरला पायजे, बग!"

ती धावत सुटली. गेनूने आज्ञा समजून घेतली. ताप उतरवायचा. आपल्या मनाने काही करायचं नाही. डबी काय म्हणते ते बघायचं.

त्याने फ्रीजमधली काडी बाहेर काढली, वायर ओढून आणली आणि काडी आबांच्या काखेत घातली. डबीवर आकडा आला, एकोणचाळीस. फ्रीज लगेच सुरू झाला. मशीन बिचारं प्रामाणिक, त्याला वाटलं आत सोडा उकळतोय.

"आबा, काळजी करू नगा," गेनू म्हणाला. "निस्तं पस्तीस अंश कमी करायचं हायत."

आबांनी कण्हून मान हलवली. आयुष्यभर त्यांनी न समजलेल्या गोष्टींना अशीच मान हलवली होती, आणि लोकांनी त्यांना अध्यक्ष केलं होतं.

बराच वेळ गेला. फ्रीज घरघरत होता. आकडा एकोणचाळीसवरून हलेना. गेनूने विचार केला. त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच, त्यामुळे थोडा वेळ लागला. मशीन आत गार करतंय. आबा बाहेर आहेत. बाहेरचं आत घ्यायला पाहिजे.

त्याने तिन्ही पिंपं उचलून अंगणात उन्हात ठेवली. मग आबांना उचललं.

"कुठं रं नेतोस?" आबांनी डोळे किलकिले करून विचारलं.

"गार जागंवर."

"ने बाबा, ने."

आबा बसले. गुडघे छातीशी आले, पोटामुळे चार बोटं जागा काही राहिली नाही, पण पंखा बरोबर टकलावर आला. फेटा गेनूने आधीच उतरवून ठेवला होता, हवा अडत होती म्हणून. झाकण बसेना, तेव्हा त्याने ते आबांच्या डोक्याला टेकवून ठेवलं आणि डबीकडे बघत बसला. अडतीस. सदतीस. आबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. डोळे उघडले. "आहाहा," ते म्हणाले.

तेवढ्यात आक्का डॉक्टरांना घेऊन आली. आधी तिला अंगणात तापलेली पिंपं दिसली. मग फ्रीजमधून वर आलेलं आबांचं डोकं दिसलं. संपलं सगळं, एवढंच तिच्या मनात आलं आणि ती पदर तोंडाशी धरून रडायला लागली.

डॉक्टरांनी मात्र आबांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, डबीवरचा आकडा पाहिला. "छत्तीस. ताप उतरलाय. यांना आता बाहेर काढा आणि पांघरूण द्या, नाहीतर सर्दी होईल."

"रडू नको हौसा," आबा आतून म्हणाले. एवढा मऊ आवाज त्यांनी निवडणुकीतही कधी काढला नव्हता. "तुझ्या मशीनने आज माझा जीव वाचवला. वर-खाली सारखा गारवा, एका बाजूला कमी नाही की जास्त नाही. असल्या फ्रीजमधला सोडा गरम कसा असेल? मला चाखायचीसुद्धा गरज नाही. बाजीरावाला काय वाटायचं ते वाटू दे."

आक्काने डोळे पुसले. तिचा कानांवर विश्वास बसेना. आबा दोन्ही हात फ्रीजच्या कडांवर टेकून उठायला लागले. काडी अजून काखेतच होती. घसा खाकरून, अध्यक्ष ठराव सांगतो तशा आवाजात ते म्हणाले,

"डॉक्टरांसमोर सांगतो. पिंपळाखालची जागा यंदापासून कायमची हौसा..."

गेनूने डबीकडे पाहिलं. छत्तीस. त्याने आबांच्या टकलावर तळवा ठेवला, त्यांना खाली दाबलं, झाकण दाबून लावलं आणि वर स्वतः मांडी घालून बसला.

"बसा गप, आबा. आजून बत्तीस बाकी हायत."

डॉक्टर आणि आक्काने मिळून त्याला झाकणावरून ओढून काढलं, तोवर आबांचं मत बदललं होतं.