उत्पलकाचे अंजन

पूर्वी वेणुवती नगरीवर सुबाहू राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्वाने त्याचा अमात्य म्हणून जन्म घेतला होता.

त्या वर्षी नगरीत डोळ्यांची साथ आली. मुलांचे डोळे सुजत, चिकटत आणि कायमचे जात. गुण येई तो एकट्या उत्पलक वैद्याच्या अंजनाने. पण तो दार लावून औषध खली, रोग्यांनाही हेर समजे. एकट्याच्या हाताने किती अंजन होणार? बाजारात त्याच रंगाची काजळी विकली जाऊ लागली. ती घालून आणखी मुले आंधळी झाली. साथ वैद्यानेच आणली असावी, असे लोक कुजबुजू लागले.

अमात्याने त्याला विचारले, "उत्पलका, कृती का लपवतोस?"

"माझ्या वडिलांनी आपला लेप राजवैद्यांना शिकवला. त्यांनी तो स्वतःच्या नावावर खपवला आणि वडिलांना खोटारडे ठरवून हाकलले. तुम्हीही त्यासाठीच आलात."

"काय मिळाले तर शिकवशील?"

"मी आहे तोवर अंजनाला माझे नाव आणि विकणाऱ्याकडून वाटा. गरिबांना ते फुकट मिळावे. माझ्यामागे ते सगळ्यांचे." वैद्याने दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिले. "मुले आंधळी झालेली मलाही बघवत नाहीत. एकदाच कुणावर तरी विश्वास टाकून बघतो." त्याने अमात्याच्या कानात कृती सांगितली.

हे कळताच राजाने कृती मागितली, तेव्हा अमात्य म्हणाला, "महाराज, आधी वैद्याच्या हक्काची दवंडी पिटवा. कृती हिसकावली, तर उद्या कोणीही आपली विद्या उजेडात आणणार नाही."

"वैद्याने तुला किती लाच दिली?" राजाने त्याचे पद काढून घेतले आणि घरावर हेर ठेवले. अमात्य घरात अंजन करून विकेल, अशी त्याची खात्री होती.

त्याच दिवसांत अमात्याच्या लेकीचे डोळे आले. हेरांना घरात ना खल दिसला, ना औषध. अमात्याची बायको मुलीला कडेवर घेऊन वैद्याच्या दारातल्या रांगेत शेवटी उभी होती. पाळी येईपर्यंत मुलीचा एक डोळा गेला.

वैद्याने त्या आईला ओळखले. "ताई, तुमच्या यजमानांना कृती ठाऊक आहे."

"ते म्हणतात, ती तुमची आहे."

वैद्याने मुलीच्या उरलेल्या डोळ्यात अंजन घातले. इकडे हेरांनी हकीकत सांगितली, तेव्हा राजाने मान खाली घातली. त्याच संध्याकाळी दवंडी पिटली गेली आणि दुसऱ्या दिवशी उत्पलक भर चौकात, सर्वांसमोर अंजन खलायला बसला.

एवढे सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा उपासक भद्रसेन, वैद्य म्हणजे स्थविर पुण्णसार, आणि अमात्य मीच होतो. ज्याचे आहे त्याला मान देऊन ते सर्वांपर्यंत पोहोचवणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता."