घरचीच मोहर

“ते सारं खरं, बुवा, पण तुमची ग्वाही कोण देतो?”

जयवंताने हा प्रश्न विचारला तेव्हा येरळेकाठच्या मठात सकाळची पूजा नुकतीच आटोपली होती आणि त्रिविक्रमबुवा चंदनाची सहाण धूत बसले होते.

जयवंत पुण्यात एका बँकेच्या संगणकांची राखण करी. कोण खरा आणि कोण तोतया, हे ओळखणे हाच त्याचा व्यवसाय. त्याच्या आईला, मथुराबाईंना, उरलेले आयुष्य या मठात नामस्मरणात घालवायचे होते. लेकाने होकार दिला तर त्या राहणार होत्या. नाही तर दुपारच्या गाडीने दोघेही परतणार होते. या घटकेला त्या बाहेर ओट्यावर तुळस निवडीत होत्या. आत यायला लेकानेच मना केले होते. “तू भोळी आहेस, आई. बोलणं मी करतो.”

“माझी ग्वाही माझ्या गुरूंनी दिली,” बुवा म्हणाले.

“आणि त्यांची?”

“त्यांच्या गुरूंनी.”

“आणि त्यांची?”

“अरे, तू बँकेत आहेस की पोलिसात?”

जयवंताला हसू आवरले नाही. “आमच्याकडेही असंच चालतं, बुवा. प्रत्येक संकेतस्थळापाशी एक प्रमाणपत्र असतं. त्यावर वरच्याची सही. त्या वरच्याच्या प्रमाणपत्रावर त्याच्याही वरच्याची.”

“आणि सगळ्यात वरचा?”

“तो...” जयवंत अडखळला. “तो स्वतःच स्वतःवर सही करतो.”

बुवा इतके हसले की खांद्यावरचे उपरणे घसरून सहाणेच्या पाण्यात पडले.

“स्वयंभू म्हण की!”

“म्हणा हवं तर.”

“मग वाटेवरच्या कुठल्याही धोंड्यानं शेंदूर फासून घ्यावा आणि म्हणावं, मीही स्वयंभू.”

“म्हणतात ना! त्यांना आम्ही दारातूनच वाटेला लावतो. जे खरे मूळ सहीवाले, त्यांची नावं यंत्र घडतानाच त्याच्या पोटात घालून ठेवलेली असतात. यंत्र तेवढीच मानतं.”

“पुराव्यावाचून?”

“...बाकी साऱ्यांचा पुरावा त्यांच्याच आधारानं मागायचा असतो.”

“म्हणजे तुझं यंत्र जन्माला येतं तेच श्रद्धा घेऊन. संशय ते मागाहून शिकतं.” बुवांनी उपरणे पिळले. “गुणी लेकरू आहे.”

जयवंताला ही थट्टा झोंबली.

“मी सरळ विचारतो. तुम्हाला देव भेटला? भेटला असेल, तर दाखवा.”

“तुझ्या त्या सहीवाल्यापाशी गुप्त असं काही असतं का रे?”

“असतं. किल्ली.”

“तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी ती दाखव म्हणतोस त्याला?”

“छे! दाखवली की ती बाद झाली. किल्ली कुणालाच दाखवायची नसते.”

“मग त्याच्यापाशी ती आहे, हे कळतं कसं?”

“त्याच्यापुढं आम्ही काही तरी नवं टाकतो, आधी कुणी न विचारलेलं. जुनं विचारलं, तर तो पाठ केलेलं उत्तर देईल. नव्यावर तो किल्लीनं सही करतो. ती सही आम्हाला पडताळता येते. किल्ली आतच राहते.”

बुवा गालातल्या गालात हसत त्याच्याकडे पाहत राहिले...

जयवंताच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“बरं. मग नवंच विचारतो. उद्या माझ्या आईला इथं करमलं नाही, तर?”

बुवांचा चेहरा उजळला. “शाबास! देव भेटेल का, असं सगळे विचारतात. करमेल का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ऊठ, ते दार बघून ये.”

जयवंत उठला. दार सागवानी होते, जुने होते. आतल्या अंगाला कडी होती. बाहेरच्या अंगाला ना कडी, ना कोयंडा.

“हे बाहेरून बंद होतच नाही,” तो म्हणाला.

“ज्याला राहायचं तो आतून लावून घेतो. ज्याला जायचं तो काढून जातो. माईंना जावंसं वाटलं, तर एसटीपर्यंत त्यांचं गाठोडं मी घेऊन जाईन.”

जयवंत पुन्हा येऊन बसला. या खेपेस मांडी जरा सैल होती.

“आता मी विचारू?” बुवा म्हणाले. “तुमच्या कचेरीतलं प्रत्येक यंत्र बाहेरच्या जगाशी थेट बोलतं?”

“नाही. मध्ये एक प्रॉक्सी बसवलेला असतो. आतल्याचा निरोप तो बाहेर नेतो, बाहेरचा आत आणतो.”

“नंदीसारखा.”

“अगदी तसाच.”

“नंदी लखोटा उघडत नाही.”

“आमचा कधी कधी उघडतो. वाचतो, हवं तर बदलतो, पुन्हा बंद करतो आणि वर स्वतःची मोहर लावतो.”

“आतलं यंत्र तक्रार करीत नाही?”

“कशी करील? त्याला आधीच शिकवून ठेवलेलं असतं, की ही मोहर परक्याची नव्हे, घरचीच...”

जयवंताचे वाक्य अर्ध्यावर राहिले.

बाहेर मथुराबाई काही तरी गुणगुणत होत्या.

“आल्या आल्या तू मला म्हणालास,” बुवा हळूच बोलले, “‘आईचं म्हणणं आहे, महिनाभर राहून बघते.’ लखोटा दिला तसाच आणलास ना?”

जयवंताची मान खाली गेली.

“नाही, बुवा. ती म्हणाली होती... ‘बुवांना म्हणावं, मी आले. आता हाकललंत तरी जायची नाही.’”

बुवांनी मांडीवर थाप मारली. “या खऱ्या माई! ही त्यांची सही! मघाच्या निरोपाला पुण्याचा वास येत होता.”

जयवंतही हसला, पण डोळे भरून आले.

“रडतोस काय, वेड्या? आपल्या भाषेत निरोप दोन आहेत. एक पोचवायचा, एक घ्यायचा. पहिला जसाच्या तसा पोचला नाही, तर दुसरा घेता येत नाही. ये, कान इकडे कर. माझा निरोप माईंना ने.”

जयवंताने कान पुढे केला. बुवांनी तळहाताचा आडोसा करून ओठ कानापाशी नेले.

क्षणभर... आणखी एक क्षण...

“पोचव,” बुवा म्हणाले.

“पण तुम्ही काही बोललाच नाहीत!”

“जसा दिला तसा ने.”

जयवंत बाहेर आला. आईला सांगायचे पुष्कळ होते. गोळ्या वेळेवर घे, थंडीत नदीवर जाऊ नकोस, रोज फोन कर. त्यातले एकही वाक्य ओठांवर आले नाही. तो आईपुढे नुसता उभा राहिला.

मथुराबाईंनी मान वर केली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. आणि माहेरच्या अंगणात पाऊल पडलेल्या पोरीसारख्या खुदकन हसल्या. उठल्या, त्याच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले, आपल्या कानशिलांवर कडाकड बोटे मोडली आणि पदर खोचून तरातरा स्वयंपाकघराकडे निघून गेल्या. पाठोपाठ आतून त्यांचा आवाज आला, “अगं, सरका गं जरा, त्या पिठात मोहन कुणी घातलं नाही वाटतं!” आणि बायकांच्या हशाने सारा मठ भरून गेला.

बुवा दारात येऊन उभे होते.

“बुवा, मी तर एक अक्षरही बोललो नाही. तिला कळलं कसं?”

“मध्ये कोणी नव्हतं, बाळा.”