महाराजांची डावी मिशी

करंजगडचे राजे रणधवलसिंह सकाळी उठून आरशासमोर गेले, तर त्यांची डावी मिशी जागेवर नव्हती. उजवी नेहमीसारखी पिळदार, टोकाला मेण लावलेली. डावीकडे मात्र कापणी झालेल्या शेतासारखे नुसते खुंट.

राजांनी घाईघाईने तोंडाला शेला गुंडाळला आणि सुभानजींना बोलावणं धाडलं.

सुभानजी म्हणजे गडाचे जुने कोतवाल. सारी हयात चोरांमागे धावून आता ते घरी बसले होते आणि भोपळ्याच्या वेलाला मांडव घालण्यात रमले होते.

"आता कशाला जाता? नवा कोतवाल आहे की," त्यांची बायको भागीरथी म्हणाली.

"त्याला सोडून मला बोलावलंय, म्हणजे प्रकरण लाजेचं असणार," असं म्हणत सुभानजींनी पागोटं चढवलं.

महालात राजांनी दार लावून घेतलं आणि शेला सोडला. सुभानजींनी गाल आतून दातांत घट्ट धरला, म्हणून हसू बाहेर आलं नाही.

"संध्याकाळच्या आत चोर हवा," राजे म्हणाले. "पण काय चोरीला गेलंय ते कुणाला कळता कामा नये. राणीसाहेबांना तर मुळीच नाही. त्या पहाटेच पूजेला गेल्या म्हणून बचावलो. आणि कुणाला एक प्रश्नही विचारायचा नाही. प्रश्न विचारला की लोक तर्क लढवतात."

"म्हणजे सांगायचंही नाही आणि विचारायचंही नाही?"

"बरोबर. चोर सापडला तर डोकं भादरून त्याची गाढवावरून धिंड काढीन. नाही सापडला तर महालातले सगळे नोकर गडाबाहेर, आणि तुमच्या दोन्ही मिश्या खाली."

सुभानजी बाहेर आले. दाराशी पहारेकरी, पंखेवाला आणि पाणक्या भेदरून उभे होते. राजे रागावलेत, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पंखेवाल्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. सुभानजींचा हात आपसूक मिशीवर गेला. ही उतरली तर पुन्हा येईल, पण या माणसांनी जायचं कुठे?

तेवढ्यात पाणक्या पुटपुटला, "तोंड बांधलंय म्हणजे दाढच दुखत असणार."

सुभानजी थबकले. मग त्यांनी महालभर निरोप फिरवला : महाराजांच्या तोंडाला दुखणं झालंय, ज्याच्याकडे इलाज असेल त्याने आणून द्यावा.

घटकाभरात ओसरीवर बाजार भरला. पहारेकऱ्याने लवंगा आणल्या, पंखेवाल्याने तुरटी. आचाऱ्याने हिंगाची गोळी करून आणली आणि दाढेत कशी दाबायची ते स्वतःचा जबडा उघडून दाखवलं. दिवाणजी तर दात उपटायचा चिमटा घेऊनच हजर झाले आणि राजांना धरायला चार पैलवानही घेऊन आले. त्यांना परत पाठवताना सुभानजींना घाम फुटला.

शेवटी राणीसाहेबांची दासी एक वाटी घेऊन आली. वाटीत माक्याचं तेल होतं, केस वाढवायचं.

"राणीसाहेबांनी सांगितलंय, पोटात घ्यायचं नाही," दासी म्हणाली. "ओठाच्या वर चोळायचं. डाव्या बाजूला."

सुभानजी वाटी घेऊन थेट राणीमहालात गेले.

"तेल पोचलं, राणीसाहेब," ते हात जोडून म्हणाले. "बाकी सगळ्यांना वाटलं, दाढ दुखतेय."

गुणवंताराणींनी आधी मान खाली घातली, मग पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

"काय करणार, सुभानजी? मी डाव्या अंगाला झोपते. ती मेण लावलेली मिशी रात्रभर कानात टोचते. सांगितलं तर म्हणतात, ही आमची शान आहे. काल अगदी कानात शिरली. कात्री हाताशी होती."

"महाराज चोराची धिंड काढणार आहेत. आणि चोर नाही सापडला तर महालातले सगळे नोकर गडाबाहेर."

राणींचं हसू मावळलं. "मग माझं नाव सांगा. माझ्यापायी नोकर नकोत जायला."

सुभानजी वाटेत दोनदा थांबले. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलून राणीला गाढवावरही बसवायचं नव्हतं. संध्याकाळी ते राजांपुढे उभे राहिले. राणीसाहेब पडद्याआड होत्या.

"सापडला चोर?" राजांनी शेल्याआडून विचारलं.

"चोर नाही, महाराज. चोरीच झालेली नाही."

"मग ही मिशी काय चरायला गेली?"

"वाटणी झाली, महाराज. लग्नाची बायको कोण असते?"

"अर्धांगी. त्याचं काय?"

"डावं अंग तिचं. राणीसाहेबांनी स्वतःच्या वाट्याची मिशी काढली. महाराजांच्या वाट्याला त्यांनी बोटही लावलेलं नाही. आपण खुशाल मोजून घ्यावी."

राजांचा हात उजव्या मिशीकडे गेला. ती शाबूत होती. शेल्याआडून आधी एक खोकल्यासारखा आवाज आला, मग शेला गळून पडला आणि राजे गदागदा हसू लागले. अर्धी मिशी नाचताना पाहून पडद्याआडूनही हसू फुटलं. दाराबाहेर पंखेवाल्याने सुटकेचा श्वास सोडला.

"पुन्हा कोतवाल व्हा, सुभानजी," राजे डोळे पुसत म्हणाले.

"नको, महाराज. चोर पकडणं सोपं असतं. त्याला सोडवायचं काम या वयात झेपत नाही."

राजे पुन्हा हसले आणि त्यांनी आपल्या गोठ्यातली सगळ्यात दुभती म्हैस, शिंगांना रेशमी गोंडे बांधून, सुभानजींच्या घरी पाठवली.