हिरशाची तुरुंगगाणी

फार वर्षं झाली त्याला. खाडीकाठच्या सावखार गावात मलकाबाई तेलीण होती, तिचा एकुलता एक लेक एलोजी होता, आणि त्यांच्या घाण्याशी राहणारा हिरशा होता. मलकाबाईची माणसं इस्राएली, म्हणजे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. हिरशा लांबच्या बर्फाच्या मुलखातला, फुटक्या गलबतातून वाहत आलेला. शनिवार तोही पाळायचा, तेवढ्यावर मलकाबाईनं त्याला घरात घेतलं.

घाण्याच्या बैलामागं चालताना हिरशा आपल्या भाषेत गायचा. इस्राएल्यांकडं तेव्हा प्रार्थना थोड्याच उरल्या होत्या. त्यांना वाटलं, ही आपली हरवलेली स्तोत्रं. तो गाऊ लागला की पुरुष टोपी घालत, बाया पदर घेत. त्या गाण्यानं विंचू उतरायचा, आटलेली गाय पान्हवायची, असं म्हणतात. गाणं संपलं की हिरशा मात्र मान खाली घालून बैल हाकायचा.

मग खोताच्या घरचा चंद्रहार गेला. शिपायांनी एलोजीवर आळ घेऊन त्याला किल्ल्यातल्या कोठडीत टाकलं. दुसऱ्या दिवशी काळ्या पाण्यावर धाडणार होते.

मलकाबाई हिरशाला म्हणाली, "चल, किल्ल्यापाशी गा. देव ऐकेल."

हिरशा पांढरा पडला. "आई, ती देवाची गाणी नाहीत. चोरांची आहेत. मी तुरुंग फोडून पळालेला माणूस. तिथंच शिकलो."

मलकाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "म्हणजे माझा विंचू तू चोराच्या गाण्यानं उतरवलास?"

"तुम्ही पदर घेऊन समोर बसलात. मी काय करणार?"

"तोंड धू आणि चल. ज्यानं हार नेला त्याला देवाचं कुठं ऐकू येतंय? चोराचं येईल."

दोघं किल्ल्याकडं निघाली. हिरशा पळालेला कैदी आहे हे शिपायांना कळलं तर त्यालाही बेड्या पडणार होत्या. तरी दरवाजाशी उभा राहून त्यानं गाणं धरलं. कोठडीतला चोर त्यात आईला सांगतो, वाटेकडं बघू नको, डोळे जातील तुझे. शब्द कुणालाच कळले नाहीत. पण कुलपं थरथरली, बेड्यांनी ठेका धरला, खाडीची भरती जागच्या जागी थांबली, असं म्हणतात. आणि दरवाजावरचा पहारेकरी गोंदजी मटकन खाली बसला.

"त्याला गप करा रे," तो म्हणाला. "हार माझ्या पगडीत आहे."

गाणं थांबलं तेव्हा हिरशा तिथं नव्हता. पुढं कुणाला दिसलाही नाही. अजून सावखारात कुणाचं माणूस कोठडीत असलं की त्या घरी हिरशाच्या नावानं मलिद्याचं ताट मांडतात आणि दार सताड उघडं ठेवून ते गाणं म्हणतात. अर्थ कुणी विचारत नाही.

एलोजी त्याच दिवशी आईचा हात धरून घरी आला. वर्षाच्या आत त्याचं लग्न झालं, आणि पुढं कितीतरी वर्षं मलकाबाईनं आपल्या नातवंडांना स्वतः तेल लावून न्हाऊ घातलं.