विमानाची सावली

"तुला पाणीच दिसलं?" पागधरेकाकांनी विचारलं.

"हो."

"कशावरून?"

केतकी रिसबूडने खिडकीवरून नजरसुद्धा हलवली नाही. "काळं होतं, काका. बर्फ काळा नसतो."

काका पुन्हा आपल्या खिडकीकडे वळले.

दोन पंख्यांचं ते छोटं विमान अंटार्क्टिकाच्या गोठलेल्या समुद्रावरून सहाशे फुटांवर चाललं होतं. डाव्या खिडकीशी काका, उजव्या खिडकीशी केतकी. खाली बघायचं, समुद्राचे दहापैकी किती भाग बर्फाने झाकलेत ते सांगायचं आणि नकाशावर रेघ ओढायची, एवढंच काम. त्याला नियमही एकच. आपल्या खिडकीतलं आपण सांगायचं, दुसऱ्याच्या खिडकीत डोकावायचं नाही.

काका सातपाटीचे, मच्छीमाराच्या घरात जन्मलेले. एकतीस वर्षं ते वरून बर्फ बघत होते. केतकी पुण्याची. उपग्रहाच्या चित्रांवर तिने पीएचडी केली होती आणि हे तिचं नववं उड्डाण होतं. नऊ उड्डाणांत माणसाला जेवढं ज्ञान होतं तेवढं पुढे नव्वदांतही होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

काकांबद्दल तिला आदर होता. फक्त त्यांचा हात थरथरायचा. विमानात पेन्सिल धरली की त्यांची रेघ वाकडीतिकडी जायची, शाईत बुडालेली मुंगी चालल्यासारखी. केतकीची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. वय झालं बिचाऱ्यांचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मागे चाळीस किलोमीटरवर 'नीलांबरी' जहाज होतं. त्यावर त्रेचाळीस माणसं. एका हिमनगाच्या आडोशाला, मोकळ्या पाण्याच्या डबक्यात ते उभं होतं. संध्याकाळी वारा फिरणार होता आणि सगळा बर्फ किनाऱ्याकडे रेटणार होता. कप्तानापुढे दोनच मार्ग होते. आडोशाला थांबायचं, नाहीतर पूर्वेच्या वाटेने बाहेर पडायचं. वाट मोकळी असली तर तीन तासांत सुटका. बंद असली, आणि जहाज आत शिरल्यावर वारा फिरला, तर अडकित्त्यात सुपारी.

ती वाट केतकीच्या खिडकीत आली होती. आणि दहा मिनिटांपूर्वी तिने रेडिओवर सांगून टाकलं होतं, "पूर्वेची वाट उघडी. सलग पाणी, बारा किलोमीटर." उचलली जीभ, लावली टाळ्याला. कप्तानाने आभार मानले होते आणि जहाज निघालं होतं.

"आपली सावली पाहिलीस?" काकांनी विचारलं.

या प्रश्नाची ती वाटच बघत होती. पहिल्या दिवशी काकांनीच तिला ही खूण शिकवली होती. विमानाची सावली बर्फावर दिसते, पाण्यावर दिसत नाही.

"पाहिली ना. बर्फावरून पळत होती. काळ्या पट्ट्याशी आली आणि बुडाली. तुम्हीच शिकवलंय."

"हं... बुडाली."

"हो."

"की ऊन गेलं?"

केतकीने पहिल्यांदा वर पाहिलं.

मागे आकाशात एक लांबलचक करडा ढग होता. वाटेवरून जाताना विमान त्याच्याखालून गेलं होतं. तिला आठवलं, त्याच वेळी मांडीवरच्या नकाशावरचं ऊन गेलं होतं. आकडा नीट दिसेना म्हणून ती पुढे वाकली होती. वाकली, लिहिलं, सांगितलं. ऊन का गेलं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात. केतकीच्या पायाखाली जमीन नव्हतीच, सहाशे फूट हवा होती. तरी काहीतरी सरकलं खरं. जहाजावरचा स्वयंपाकी तिला आठवला. इथे येताना महिनाभर तो तिला पोळीचा करपलेला भाग काढून देत होता.

काकांनी वैमानिकाला विमान वळवायला सांगितलं.

"एकच फेरी," वैमानिक म्हणाला. "दुसरीला इंधन नाही."

मग काकांनी रेडिओचा माईक उचलला आणि केतकीच्या हातात दिला.

"काका, तुम्ही सांगा ना..."

"खिडकी कोणाची?"

"पण मी काय सांगू? तिथे पाणी आहे की बर्फ, मला अजून माहीत नाही."

"तेच सांग."

तिने माईकचं बटण दाबलं. "नीलांबरी... थांबा. वाट उघडी आहे असं मी सांगितलं होतं. मला ते... मला ते नीट दिसलं नव्हतं."

पलीकडे खरखर. मग कप्तानाचा आवाज, अगदी शांत. तो शांतपणाच तिला भयंकर वाटला.

"मग काय दिसलं होतं, मॅडम?"

"सावली असेल. ढगाची."

"असेल?"

"हो... असेल."

"आम्ही वाटेच्या तोंडाशी आहोत. वळायला पंधरा मिनिटांपुरती जागा आहे. त्याच्या आत नक्की सांगा."

विमान वळलं. केतकीने कपाळ काचेला टेकवलं. आता तिला दोन्हीकडून भीती वाटत होती. खाली बर्फ असला तर तिने त्रेचाळीस माणसांना त्याच्या तोंडात पाठवलं होतं. पाणी असलं तर त्यांची सुटकेची वेळ तिनेच वाया घालवली होती. आयुष्यात एवढं घाबरून तिने कशाकडेही पाहिलं नव्हतं.

काळा पट्टा दिसला... पण जिथे होता तिथे नव्हता. कोसभर पश्चिमेला जाऊन आरामात पडला होता, ढगाच्या बरोबर खाली.

पाणी काही उठून चालायला लागत नाही.

आणि जिथे तिने बारा किलोमीटर पाणी लिहिलं होतं, तिथे लख्ख उन्हात पांढरा बर्फ होता. लाद्यांवर लाद्या चढलेल्या, घरांएवढे उंचवटे. त्यावरून विमानाची सावली धावत होती. चिमुकली, काळी, एकदाही न बुडता.

"काका, बर्फच आहे ना हा? तुम्ही बघा ना एकदा."

काकांनी आपल्या खिडकीवरून मान वळवली नाही.

केतकीने एक श्वास घेतला. ढग कुठे आहे ते पाहिलं. सूर्य कुठे आहे ते पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं, आणि पुन्हा एकदा.

"नीलांबरी, वाट बंद. दहापैकी दहा. उंचवटे आहेत. आत येऊ नका."

"नक्की?"

"नक्की. आता दिसतंय."

पलीकडे पुन्हा खरखर.

"वळतोय," कप्तान म्हणाला.

पुढची चाळीस मिनिटं विमान किनाऱ्यावरच्या तळाकडे परत चाललं होतं. केतकीने जुनी रेघ खोडली आणि नवी ओढायला घेतली. हात ऐकेना. रेघ कापत कापत, वाकडीतिकडी पुढे गेली. नकाशाच्या डाव्या अंगाला काकांची रेघ होती, उजव्या अंगाला तिची. कोणती कोणाची हे परक्याला सांगता आलं नसतं.

तळाची धावपट्टी दिसू लागली तेव्हा रेडिओ बोलला. जहाज हिमनगाच्या आडोशाला पोचलं होतं. तासाभराने वारा फिरला, पण तोवर विमानातले तिघेही तळावर, शेगडीपाशी होते.

केतकीचा हात अजून थांबला नव्हता. तो तिने काखेत दाबून धरला होता.

"काका, मला हे जमणार नाही. आता प्रत्येक वेळी मला भीती वाटेल."

काका चहा ओतत होते. किटली चांगली वीतभर उंच धरलेली. कप काठोकाठ भरला, आणि थेंबही बाहेर पडला नाही.

केतकी बघतच राहिली. मग कपाकडे नव्हे, काकांच्या हाताकडे. तो दगडासारखा स्थिर होता.

"काका... इथे तर तुमचा हात जराही हलत नाही."

काकांनी भरलेला कप तिच्यापुढे सरकवला.

"चहा सांडला तर पुसता येतो, पोरी."